एकवीस वर्षांचा शोध

चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी ऑक्टोबरात माणसांचा महापूर लोटतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १६ तारखेला आमच्या या गावीही अनुयायांना दीक्षा दिली. हा दिवस सर्वांना ठाऊक असतो. त्यामागची वाट मात्र क्वचितच सांगितली जाते.

बाबासाहेबांचे घराणे कबीरपंथी. मॅट्रिक झाल्यावर केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. १३ ऑक्टोबर १९३५ ला, हिंदू म्हणून मरणार नाही, असे त्यांनी येवल्यात जाहीर केले. मग मुसलमान, ख्रिस्ती, शीख, सगळ्यांची बोलावणी आली. १९३६ साली ते अमृतसरच्या शीख परिषदेलाही गेले. पण घाई केली नाही. घोषणा ते दीक्षा, २१ वर्षे! आणि चंद्रपूरनंतर आयुष्य उरले अवघे ५१ दिवसांचे.

मी मुसलमान. माझा धर्म मला घरातच मिळाला, तो मला शोधावा लागला नाही. म्हणूनच या शोधाचे मोल मला अधिक वाटते. आज कुणी धर्म बदलला, की आपण पहिल्यांदा विचारतो, ‘कुणी फूस लावली?’ चंद्रपूरकरांनी तरी, श्रोतेहो, त्याआधी ‘तू काय शोधत होतास?’ असे विचारावे.