स्पर्शापासून घरापर्यंत : वेल्लोरच्या इस्पितळाची एक गोष्ट



मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटी एक कुष्ठरोगी प्रभू येशूपुढे गुडघे टेकतो. प्रभूला त्याचा कळवळा येतो आणि तो हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. या स्पर्शावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. त्यानंतर प्रभू त्या माणसाला एक काम सांगतो, तिकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. तो त्याला याजकाकडे जायला सांगतो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे याजकाने शुद्ध ठरवल्याशिवाय त्या माणसाला गावात, घरात, उपासनेत परत येता येत नव्हते. म्हणजे कातडी शुद्ध झाली एवढ्यावर प्रभू थांबला नाही. माणूस आपल्या माणसांत परत जाईपर्यंतची वाट त्याने दाखवली.

स्पर्श आणि घर यांच्यामधली ही वाट किती लांब असते, आणि एकट्या डॉक्टरला ती का पार करता येत नाही, हे वेल्लोरच्या ख्रिस्ती इस्पितळाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. आपल्या मंडळ्यांतून आजही कोणी ना कोणी उपचारासाठी वेल्लोरला जात असते. डॉ. आयडा स्कडर यांनी 1900 साली तिथे एका खाटेवर दवाखाना सुरू केला, हे अनेकांना ठाऊक आहे. आज मला त्यापुढच्या काळाविषयी, 1947 नंतरच्या वीस वर्षांविषयी लिहायचे आहे.

त्या काळी कुष्ठरोगाला सगळीकडे महारोग म्हणत. रोग जडला की माणूस घराबाहेर पडे आणि देवळाच्या, स्टेशनच्या पायरीवर भीक मागत बसे. मिशनांनी त्यांच्यासाठी आश्रम काढले होते. आपल्या जवळच्या मिरजेतही मिशनने कुष्ठरोग्यांसाठी वेगळे इस्पितळ चालवले. पण 1940 च्या दशकापर्यंत या आश्रमांत खात्रीचे औषध नव्हते. मग डॅप्सोन आले. डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी मद्रासजवळच्या चिंगलपेटच्या कुष्ठधामात या गटातील औषधे वापरायला सुरुवात केली आणि रोगाचे जंतू प्रथमच मरू लागले. ही केवढी मोठी आनंदाची गोष्ट होती! पण जंतू मेलेल्या माणसाची बोटे वाकडीच राहत. पायाच्या जखमा भरत नसत. गावातले लोक त्याच्या हाताकडे पाहत आणि दार लावून घेत. औषधाने रोग गेला, तरी माणूस होता तिथेच, पायरीवरच बसलेला होता.

कॉक्रेन यांनीच डॉ. पॉल ब्रँड या तरुण शल्यचिकित्सकाला 1946 साली वेल्लोरला आणले. ब्रँड यांचा जन्म 1914 साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांत झाला. त्यांचे आईवडील तिथे मिशनरी होते. डॉक्टर होण्याआधी ते इंग्लंडमध्ये बांधकाम आणि सुतारकाम शिकले होते. 1947 साली ते चिंगलपेटला गेले आणि तिथल्या रुग्णांचे वाकडे हात त्यांनी पाहिले. एका रुग्णाला त्यांनी आपला हात दाबायला सांगितला, तेव्हा त्या वाकड्या बोटांची पकड इतकी जबर निघाली की ते कळवळले. त्यांच्या मनात आले, एवढी ताकद आहे त्याअर्थी हात मेलेला नाही. काही स्नायू लुळे पडले आहेत आणि काही शाबूत आहेत. शाबूत स्नायूंना लुळ्यांचे काम देता येणार नाही का? हाडाच्या डॉक्टरांपैकी कोणी या लाखो हातांवर उपचार करून पाहिला आहे का, असे त्यांनी विचारले. असे कोणीच केलेले नव्हते.

इस्पितळात कुष्ठरोग्याला घेणे सोपे नव्हते. त्यांना पाहून इतर रुग्ण पळून जातील अशी भीती होती. तरीही वेल्लोरने एका छोट्याशा खोलीत या कामाला जागा दिली आणि 1948 साली पहिली शस्त्रक्रिया झाली. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, म्हणजे कंडरा, एका जागेवरून सोडवून दुसऱ्या जागी जोडायची, असे ते काम होते.

इथपर्यंतची गोष्ट एका हुशार डॉक्टरची वाटते. पण जोडलेली कंडरा आपोआप काम करत नाही. कालपर्यंत बोट वाकवणाऱ्या स्नायूला आता बोटाचा सांधा सरळ ठेवायचा असतो. मेंदूला ते नव्याने शिकावे लागते. त्यातून हाताला संवेदना नाही, म्हणजे बोट हलले की नाही हे डोळ्यांनीच पाहायचे! हे शिकवायला आठवड्यांचा वेळ आणि अपार धीर लागतो. रूथ थॉमस या फिजिओथेरपिस्ट या गटात आल्या आणि त्यांनी हे काम अंगावर घेतले. चोळणे, शेकणे, एकेक बोट हलवून घेणे, पुन्हा पुन्हा. ज्या हातांना वर्षानुवर्षे कोणी शिवले नव्हते, ते हात रोज कोणाच्या तरी हातात असत. शस्त्रक्रिया दोन-तीन तासांत उरकते. हा स्पर्श मात्र महिनोन्‌महिने चालू राहिला.

मग हात सुधारलेले काही तरुण परत आले. ते आनंदात नव्हते. वाकडा हात पाहून लोक निदान भीक तरी टाकत. आता हात चांगला दिसतो म्हणून भीक मिळेना, आणि महारोगी म्हणून काम मिळेना. पूर्वीपेक्षा पोटाचे हाल वाढले. ही तक्रार ऐकून घेणे सोपे नव्हते. आपण एवढे केले, आता तुमचे तुम्ही पाहा, असे म्हणणे किती सोयीचे होते! पण वेल्लोरच्या माणसांनी तसे म्हटले नाही. 1951 साली कॉलेजच्या आवारात मातीच्या झोपड्या उभारून ‘नव जीव निलयम’ सुरू झाले. तिथे ब्रँड यांचे जुने सुतारकाम उपयोगी पडले. रुग्ण लाकडी खेळणी करायला शिकले आणि आपली भाकरी मिळवू लागले. त्याच सुमाराला आपल्याकडे वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवनाचे काम हाती घेतले होते. कुष्ठरोग्याला दानाहून अधिक कामाची गरज आहे, हे तिथेही उमगले होते.

चेहऱ्याचाही प्रश्न होता. भुवया झडलेला माणूस ओळखू येई. म्हणून डोक्याच्या कातडीचा केसांसह तुकडा भुवयांच्या जागी बसवू लागले. ते केस वाढतच राहत आणि मधूनमधून कापावे लागत. पण ती कापण्याची तसदी लोक आनंदाने घेत. पॉल ब्रँड यांच्या पत्नी डॉ. मार्गारेट ब्रँड यांनी डोळ्यांचे काम हाती घेतले. पापणी मिटत नसल्यामुळे डोळा कोरडा पडे आणि दृष्टी जाई. जबड्याच्या स्नायूचा एक भाग पापणीपर्यंत आणून जोडला, की घास चावताना पापणी मिटे. असे रोज चावून चावून डोळे वाचवता येत.

तरीही बोटे झिजतच होती, आणि हेच सर्वांत मोठे कोडे होते. रोग मांस खातो, बोटे गळून पडतात, असा जुना समज होता. एकदा ब्रँड यांना एक गंजलेले कुलूप उघडेना. एका लहानशा मुलाने, तोही कुष्ठरुग्णच, झटक्यात किल्ली फिरवली. ब्रँड यांनी पाहिले तर जमिनीवर रक्ताचे थेंब होते. किल्लीने मुलाचे बोट हाडापर्यंत कापले होते आणि त्याला पत्ताही नव्हता. तेव्हा उलगडा होऊ लागला. बोटे रोगाने सडत नव्हती. दुखत नसल्यामुळे ती रोज कापत, भाजत, चिरडत होती. मग एकेका जखमेचा शोध सुरू झाला. गरम भांडे, हातोड्याचा दांडा, चपलेतला खिळा, असे काही ना काही कारण निघे. काही बोटे रात्रीत नाहीशी होत, तेव्हा शोधाअंती कळले की झोपलेल्या माणसाची बोटे उंदीर कुरतडत होते! त्यानंतर रुग्णांना मांजरे पाळायला दिली.

उपाय साधा होता, पण तो एकट्याने करण्यासारखा नव्हता. रोज एकमेकांचे हातपाय तपासायचे. ज्याला दुखत नाही, त्याची जखम शेजाऱ्याने पाहायची. पायाची जखम भरण्यासाठी प्लास्टर घालायचे, आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून मऊ रबराचा तळ असलेली चप्पल बनवायची. म्हणजे शल्यचिकित्सकाइतकाच चांभारही महत्त्वाचा ठरला. बरे झालेले काही रुग्णही पुढे याच कामात हातभार लावू लागले. 1955 साली वेल्लोरजवळ कारिगिरी येथे कुष्ठरोगाच्या संशोधनासाठी वेगळे इस्पितळ उघडले आणि हे सारे काम तिथे वाढले.

पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की आपण सारे एका शरीराचे अवयव आहोत, आणि एका अवयवाला दुखले तर सर्वांना दुखते. हे वचन आपण सहसा सहानुभूतीच्या अर्थाने वाचतो. वेल्लोरने ते शब्दशः जगून दाखवले. ज्या हाताचे दुखणे हरवले होते, त्याचे दुखणे इतरांनी स्वतःकडे घेतले.

या गोष्टीचा पुढचा भाग आणखी विलक्षण आहे. केरळातून आलेल्या डॉ. मेरी व्हर्गीस वेल्लोरलाच शिकून तिथे काम करत होत्या. 1954 च्या जानेवारीत सहकाऱ्यांबरोबर सहलीला जाताना मोटारीला अपघात झाला. त्यांच्या चेहऱ्याला मोठ्या जखमा झाल्या, पाठीचा कणा दुखावला आणि कमरेखालचे अंग कायमचे लुळे पडले. वय तिशीच्या आतले होते. कमरेखालची संवेदना गेली की पाठीला, टाचांना जखमा होतात आणि त्या कळतही नाहीत. अशा रुग्णाची दर दोन तासांनी कोणीतरी कूस बदलावी लागते, अंग तपासावे लागते. कुष्ठरोग्याच्या हाताचीच ही अडचण होती. आता ती एका डॉक्टरच्या वाट्याला आली होती.

ब्रँड यांनी त्यांना सुचवले की हाताची शस्त्रक्रिया बसून करता येते. मेरी व्हर्गीस चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. स्वतःचे पाय गमावलेली डॉक्टर आपली बोटे सरळ करते आहे, हे पाहून रुग्णांना जो धीर आला असेल तो कोणत्या उपदेशाने आला असता? पुढे त्या ऑस्ट्रेलियात आणि मग न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनाचे शास्त्र शिकल्या. परत येऊन त्यांनी वेल्लोरमध्ये त्या विभागाची धुरा घेतली. 1966 साली तिथे पुनर्वसन संस्था उभी राहिली. कणा मोडलेली माणसे तिथे पुन्हा बसायला, स्वयंपाक करायला, घर चालवायला शिकू लागली. 1972 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मेरी व्हर्गीस आधी या गटात सेवक होत्या, मग त्याच गटाच्या रुग्ण झाल्या, आणि रुग्ण झाल्यामुळेच त्यांच्या हातून सर्वांत मोठी सेवा घडली.

बंधुभगिनींनो, आज कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. पण आपल्या मंडळीत अर्धांगाने एक बाजू गेलेले काका असतात, डायलिसिसला आठवड्यातून दोनदा जाणारी बहीण असते, कर्करोगाच्या उपचारांनी केस गेल्यामुळे उपासनेला यायला संकोचणारी आई असते. त्यांचा डॉक्टर आपण होऊ शकत नाही. पण वेल्लोरच्या गटात एकटा डॉक्टर कुठे होता? व्यायाम करून घेणारी होती, चप्पल शिवणारा होता, रोज हात तपासणारा शेजारी होता, आणि हात सुधारूनही पोट भरत नाही असे सांगणाऱ्याचे ऐकून घेणारे कान होते. इस्पितळातून सुट्टी मिळाल्यावर आपण देवाचे आभार मानतो आणि भेटीला जाणे थांबवतो. काकांना रोज संध्याकाळी दहा पावले चालवणारा कोणी हवा असतो, तो नेमका त्यानंतरच.

येत्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकांना एवढेच विचारा, की गेल्या सहा महिन्यांत इस्पितळातून घरी आलेले आपल्यातले कोण कोण आहेत. त्या नावांतले एक आपले समजा. आणि ज्यांचे नाव त्या यादीत असेल त्यांनी मेरी व्हर्गीस यांची आठवण ठेवावी. आपली सेवा संपली असे त्यांनी मानू नये.

प्रभू येशू, तू ज्याला स्पर्श केलास त्याला घरापर्यंत पोहोचवलेस. आम्हांला त्या वाटेवर त्याच्या सोबतीला ठेव. आमेन.