मुंबई ते जेद्दा : साडेपाच तासांचा इतिहास

अम्मीचे विमान मुंबईहून उडाले आणि आम्ही गाडीने रत्नागिरीकडे निघालो. परशुराम घाट उतरत असताना तिचा फोन आला, "पोचले रे जेद्दाला, तुम्ही कुठवर आलात?" आम्ही अजून चिपळुणातही शिरलो नव्हतो.

मुंबई-जेद्दा हवाई अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. विमानाला पाच-साडेपाच तास लागतात. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असल्याने तिथे उतरल्यावर तर तीनच तास गेल्यासारखे वाटतात.

हेच अंतर एकेकाळी वर्षांत मोजले जाई. सुरतेला 'बाबुल मक्का' म्हणजे मक्केचा दरवाजा म्हणत. बाबराची मुलगी, अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये फत्तेपूर सिक्रीहून हजला निघाली. समुद्रावर पोर्तुगीजांची हुकमत होती. त्यांच्या परवान्यासाठी बादशहाच्या आत्यालाही सुरतेत ताटकळावे लागले. परतताना एडनजवळ जहाज फुटले, तिथे कित्येक महिने गेले. ती राजधानीत पोचली १५८२ मध्ये. १६९५ साली मक्केहून परतणारे औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई' हे जहाज इंग्रज चाच्यांनी लुटले आणि यात्रेकरूंवर भयंकर अत्याचार केले.

पुढे आगबोटी आल्या, मुंबई हे हजचे मोठे बंदर झाले. प्रवास वाऱ्यावर अवलंबून राहिला नाही, पण पटकीचे भय आले. १८८२ पासून तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर यात्रेकरूंना उतरवून विलग ठेवले जाऊ लागले.

माझे आजोबा १९६२ मध्ये गेले. रत्नागिरीहून बोटीने मुंबई, तिथे मुसाफिरखान्यात मुक्काम, मग जहाज. २३०० सागरी मैलांच्या वर अंतर, आठ-नऊ दिवस पाणीच पाणी. निघण्यापूर्वी ते गावात घरोघर फिरले, भावकीतल्या जुन्या वैऱ्याचीही माफी मागितली, उधारी फेडली. सामानात कफन होते. वाटेत कुणाचा इंतकाल झाला तर जनाज्याची नमाज पढून मय्यत समुद्राच्या हवाली करत. जहाज यलमलमच्या समोर आले की भोंगा वाजे आणि सगळे एहराम बांधत, हे ते रंगवून सांगत. विमानात तो टप्पा काही क्षणांत मागे पडतो, म्हणून अम्मीने मुंबईतच एहरामची तयारी केली होती.

१९९५ नंतर मुंबईहून हजची जहाजे बंद झाली. मला त्याचे फार दुःख करावेसे वाटत नाही. आजोबांच्या त्या जहाजाच्या भीतीनेच आजी कधी गेली नाही. समुद्र तिला सोसणार नाही, असे घरच्यांनी ठरवले आणि ती जानमाजवर बसून मक्केची आठवण काढत राहिली. अम्मी सत्तरीत जाऊन आली, ती विमानामुळेच.

पण अंतर संपले असेही नाही, त्याची जागा बदलली. कोटा ठरलेला, अर्ज जास्त, म्हणून कुर्रा, म्हणजे सोडत. अम्मीचा अर्ज सलग तीन वर्षे निघाला नाही. आजोबांनी वाट पाहिली ती जहाजाच्या डेकवर, अम्मीने घरच्या ओसरीवर. त्या तीन वर्षांत तिनेही एकेक करून सगळ्यांची माफी मागितली. सर्वांत शेवटी धाकट्या मावशीची. पंधरा वर्षांचा अबोला होता.

रत्नागिरी ते मावशीचे घर, अंतर सात किलोमीटर.