निवासी मनोरे व रस्त्यांचे स्वरूप : ठाणे व कल्याण–डोंबिवली

उत्तुंग निवासी इमारतींमुळे शहरातील रस्त्यांचे दृश्यरूप आणि वापर कसा पालटतो, याची ठाणे व कल्याण–डोंबिवली ही महाराष्ट्रातील ठळक उदाहरणे होत. मनोऱ्याची उंची दुरून नजरेत भरत असली, तरी रस्त्याचे रूप मुख्यतः इमारतीचा तळभाग रस्त्याला कसा भिडतो, यावर ठरते. ओटा, दुकानांची रांग, आवारभिंत आणि वाहनतळाचा चौथरा या चार टप्प्यांतून येथील हा संबंध बदलत गेला.

ठाणे व कल्याण ही मूळची खाडीकाठची बंदरे. मुंबई–ठाणे लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला व १८५४ मध्ये तो कल्याणपर्यंत पोहोचला. कल्याणमधील पारनाका किंवा ठाण्यातील टेंभी नाका यांसारख्या जुन्या भागांत वाडे व कौलारू घरे अरुंद रस्त्यांच्या कडेला उभी असत. घराचा ओटा हा खाजगी व सार्वजनिक जीवनाला जोडणारा दुवा होता.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम (१९६०) व मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा अधिनियम (१९६३) यांमुळे मध्यमवर्गाच्या गृहखरेदीला कायद्याची चौकट लाभली. मुंबईत नोकरी करणाऱ्या कुटुंबांसाठी स्थानकांच्या आसपास तीन-चार मजली, उद्वाहक नसलेल्या इमारती उभ्या राहिल्या. खाली दुकाने व वर गॅलऱ्या अशी त्यांची रचना असे. ठाण्यातील गोखले रस्ता व राममारुती रस्ता आणि डोंबिवलीचा फडके रस्ता ही या घडणीची उदाहरणे होत. दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर तरुणांचा मेळा भरतो. गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची प्रथाही विसाव्या शतकाच्या अखेरीस डोंबिवलीतच रूढ झाली. अशा प्रथांना सलग दुकाने, गॅलऱ्यांतून रस्त्यावर असणारी नजर आणि पायी पोहोचता येणारे अंतर यांचे पाठबळ असते. मात्र याच काळात अरुंद रस्ते, अपुरे पदपथ आणि अनधिकृत बांधकामे हे दोषही वाढले.

ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याण महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. पुढील काळात घोडबंदर रस्त्यालगतच्या माजिवडे, मानपाडा, पातलीपाडा इ. गावांच्या जमिनींवर मनोरे उभे राहू लागले. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला, तसेच अनेक कारखाने बंद पडून त्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या. ठाण्यातील रेमंड लोकर गिरणी २००९ मध्ये बंद पडली व पुढे तिच्या जमिनीवर निवासी संकुले आली. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांहून अधिक, तर कल्याण–डोंबिवलीची सु. १२.५ लाख होती.

मोकळ्या हिरवळीत सुटे उभे राहणारे मनोरे ही कल्पना वास्तुशिल्पज्ञ ल कॉर्ब्यूझ्ये यांनी १९२५ मध्ये पॅरिससाठी मांडली होती. येथे तिला नियमांनी व मोटारींनी वेगळे रूप दिले. उंच इमारतीभोवती अग्निशामक वाहनांसाठी मोकळा मार्ग ठेवावा लागतो. त्यामुळे ती शेजारच्या इमारतीपासून अलग पडते व रस्त्याकाठची सलग दर्शनी रेषा तुटते. वाहनतळाच्या मजल्यांचा चौथरा, त्यावर बगीचा व खाली आवारभिंत अशी मांडणी असल्यास पादचाऱ्यास दीर्घ अंतरापर्यंत केवळ भिंत दिसते. पातलीपाड्याच्या हिरानंदानी इस्टेटमध्ये तळमजल्यावरील दुकानांमुळे हा परिणाम काहीसा सौम्य झाला आहे. डोंबिवलीजवळील कल्याण–शीळ रस्त्यालगतच्या पलावा वसाहतीत आखीव अंतर्गत रस्ते व पदपथ आहेत. परंतु असे रस्ते वसाहतीपुरते असतात व बाहेरचा मार्ग वाहनांचाच उरतो.

महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत रस्ता जितका रुंद, तितके अनुज्ञेय बांधकाम अधिक, असे तत्त्व आहे. दाटीला रुंद रस्ता मिळावा हा त्यामागील हेतू रास्त होय. तथापि रुंदी वाढल्याने रस्ता आपोआप वापरण्यायोग्य होत नाही. शहराच्या रस्त्यांवरील सुरक्षिततेला रहिवासी व दुकानदार यांचे सहज लक्ष आधार देते, असे प्रतिपादन जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये अमेरिकन शहरांच्या संदर्भात केले होते. विसाव्या मजल्यावरून हे लक्ष राहत नाही. ते तळमजल्यावरच निर्माण करावे लागते.

हा प्रश्न आता जुन्या वस्त्यांपर्यंत आला आहे. शीळ येथे ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण मृत्युमुखी पडले. धोकादायक इमारतींच्या जागी सुरक्षित घरे देण्याची निकड त्यातून अधोरेखित झाली. २०२३ मध्ये ठाण्यातील किसननगर येथे समूह पुनर्विकास योजनेचे भूमिपूजन झाले. अशा योजनांत अरुंद गल्ल्यांच्या जागी मनोरे येणे बहुधा अपरिहार्य आहे. त्यांच्या पायथ्याशी दुकाने, प्रवेशद्वारे व सावलीचे पदपथ ठेवले जातात की केवळ चौथऱ्याची भिंत उभी राहते, यावर येथील रस्त्यांचे भावी रूप अवलंबून राहील.