गाऱ्याचा हिशेब

खरवई म्हटले की आज बदलापूरची औद्योगिक वसाहत, टँकरची रांग आणि लोकल पकडायला निघालेली माणसे डोळ्यांपुढे येतात. याच भागातून बारवीच्या रस्त्याला लागले की डोंगर, झाडी आणि ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या सुरू होतात. इंग्रजी अमदानीत हा सगळा टापू कल्याण तालुक्यात मोडत असे आणि त्या काळात वाघ-बिबट्याला सरकारदरबारी दर लावलेला होता. जनावर मारावे, कातडे किंवा मुंडके कचेरीत दाखवावे आणि ठरलेले बक्षीस घेऊन घरी जावे, अशी रीत होती. शिकारीचा इतिहास लिहिताना बंदुकांची आणि बहाद्दरांची वर्णने खूप होतात, पैशाचा हिशेब मात्र तळटीपेत जातो. माझे म्हणणे असे की खरा इतिहास त्या हिशेबातच आहे. शिकारीचे पैसे कोणी, कशाबद्दल आणि केव्हा द्यायचे यावरून एक गोष्ट पक्की होते: रिकाम्या हाताने परतण्याची जोखीम कोणाच्या माथी बसणार. आणि ती जोखीम ज्याच्या माथी बसते, तोच जंगलात घाई करतो, नियम वाकवतो किंवा जीव धोक्यात घालतो.

पैसा येण्याआधीची रीत वाट्याची होती. कोकणातल्या गावशिकारीत हाका घालणारे, कुत्री आणणारे, नाकी अडवून बसणारे आणि एखाददुसरा बंदूकवाला असे सगळे एकत्र निघत. रानडुक्कर किंवा भेकर पडले की ते मोकळ्या जागी आणून फोडायचे, सागाच्या किंवा पळसाच्या पानांवर मांसाचे ढीग मांडायचे आणि म्हाताऱ्या जाणत्याने ते डोळ्याने तोलून सारखे करायचे. माणशी एक ढीग. ज्याने गोळी घातली त्याला त्याच्या मानाचा तुकडा, बंदुकीचा वेगळा वाटा, कुत्र्यांचाही वाटा. काहीच मिळाले नाही तर सगळ्यांचे सारखेच नुकसान, म्हणजे एक दिवस. या रीतीला मी सुवर्णकाळ म्हणणार नाही. माणसे जखमी होत, पोटुशी मादीही मारली जाई. पण तिच्यात एक अंगचा लगाम होता. मांस टिकत नाही, म्हणून खाण्यापुरते मिळाले की शिकार थांबे. वाट्याला साठवण नाही आणि गिऱ्हाईकही नाही.

सरकारी बक्षिसाने हा लगाम काढला. बक्षीस मेलेल्या जनावराचे होते, त्यामुळे ते कसे मेले हे कोणी विचारत नसे. फासा असो, विष असो, खड्डा असो, कातडे तेच. शिकाऱ्याचे दिवस फुकट गेले तर ती त्याची स्वतःची बुडीत, म्हणून लवकर आणि स्वस्तात मारण्याकडे कल साहजिक होता. त्याच सुमाराला साहेबाची शिकार वाढली आणि तिचा हिशेब निराळा. तंबू, बैलगाड्या आणि आमिष म्हणून बांधायला हेले साहेबाचे. वाट दाखवणारा, माग काढणारा आणि हाका घालणारा गावचा. हाकाऱ्याला दिवसाचे थोडे आणे मिळत. संस्थानांत आणि साहेबाच्या दौऱ्यांवर तेही वेठीच्या हिशेबात बुडण्याची भीती असे. वाघ निघाला तर वर बक्षिशी, न निघाला तर रोज तेवढा. पण रोजंदारीत एक धोका कोणी मोजत नसे: जखमी वाघ. साहेबाची गोळी पोटात लागली आणि वाघ झाडीत शिरला, तर त्याच्यामागे जाणे हा सभ्य शिकाऱ्याचा धर्म मानला जाई आणि अनेकांनी तो पाळला. ज्यांनी पाळला नाही, त्यांचा जखमी वाघ गावापाशी राहिला. माणसावर हल्ला करणाऱ्या वाघांमागे जुन्या जखमा असतात, असे जिम कॉर्बेटने १९४४ साली आपल्या अनुभवावरून मांडले होते. साहेबाचा खर्च तंबू उठला की संपे, गावाचा तिथून सुरू होई.

विसाव्या शतकात या सगळ्याला परवान्याचे रूप आले. राखीव जंगलांचे शिकारीसाठी ब्लॉक पाडले गेले, अमुक ब्लॉक अमुक पंधरवड्यासाठी अमुक माणसाला, त्यात किती आणि कोणती जनावरे मारता येतील याची मर्यादा, पावसाळ्यात बंदी, असे नियम झाले. मुंबई राज्यात १९५१ साली वन्य प्राणी आणि पक्षी संरक्षणाचा कायदा आला आणि शिकारीचा परवाना त्याखाली गेला. मध्य भारतात या ब्लॉकांचा धंदा मोठा झाला आणि त्याची एक मुख्य पेठ होती नागपूर. १९५६पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. जंगल खात्याच्या कचेऱ्या आणि रेल्वे हाताशी, बालाघाट, मंडला, चांदा आणि मेळघाटची राने टप्प्यात. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी इथूनच ॲलविन कूपर ही कंपनी काढून परदेशी पाहुण्यांसाठी शिकारीच्या आणि छायाचित्रणाच्या मोहिमा चालवल्या. अमेरिकेतला गिऱ्हाईक पहिल्यांदाच परदेशी शिकारीला निघायचा. त्याला एका आकड्यात सगळे हवे असे: ब्लॉक, परवाना, जीप, आचारी, तंबू, शिकारी, हाका आणि मचाण. त्यासाठी तो काही हजार डॉलर मोजे. कातडे भुसा भरून उभे करायला म्हैसूरच्या व्हॅन इंगेन पेढीकडे जाई आणि त्याचे बिल वेगळे.

या एकगठ्ठा आकड्यानेच शिकारीचा स्वभाव बदलला, असे मला वाटते. वाट्याच्या शिकारीत जोखीम सगळ्यांत वाटलेली होती. एकगठ्ठा करारात गिऱ्हाईकाने पैसे आगाऊ दिलेले असतात आणि दोन-तीन आठवड्यांत त्याला विमान गाठायचे असते. करारात वाघाची हमी नसली तरी पुढचे गिऱ्हाईक याच गिऱ्हाईकाच्या तोंडून येते. त्यामुळे शेवटच्या चार दिवसांची सगळी घालमेल कंपनीच्या शिकाऱ्यावर पडे आणि त्याच्याकडून खबऱ्यावर, खबऱ्याकडून हेला बांधणाऱ्या गोंडावर. हेला ब्लॉकच्या हद्दीवर बांधायचा की हद्दीआत, मादीवर बार टाकायचा की नराची वाट पाहायची, रात्री दिवा लावायचा की नाही, असे प्रश्न नियमांच्या पुस्तकातून निघून पाहुण्याच्या तिकिटावरच्या तारखेकडे जात. मग ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांना गेला. डॉलरात तोच दर ठेवणाऱ्या कंपनीच्या हाती एका रात्रीत दीडपटीहून अधिक रुपये आले. पाहुण्याला मात्र एक छदामही जास्त मोजावा लागला नाही. हाकाऱ्याचा रोज कोणत्याही विनिमय दराशी बांधलेला नव्हता. त्याच काळात एखाद्या मराठी माणसाने आफ्रिकेत शिकारीला जायचे मनात आणले असते, तर परदेशी जाणाऱ्याला मिळणाऱ्या हातखर्चाच्या मोजक्या डॉलरांत तिथला एक दिवसही भागला नसता. म्हणजे हा व्यवहार एकाच दिशेने वाहत होता.

याला उत्तर म्हणून एक मुद्दा नेहमी मांडला जातो आणि तो हलका नाही. परवान्याची शिकार ही मोजून केलेली शिकार होती. वाघ संपला तो जंगलतोडीने, धरणांनी, शेतीसाठी वाटलेल्या बंदुकांनी आणि विषाने, कंपन्यांनी नव्हे. शिकारीच्या नादातूनच निसर्गाचा अभ्यास उभा राहिला, हेही खरे. १८८३ साली मुंबईत आठ जणांनी स्थापन केलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन होते आणि तिच्या नियतकालिकात सुरुवातीची कित्येक वर्षे शिकाऱ्यांच्या नोंदींनी पाने भरली. तोडीचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. पण 'मोजून' या शब्दापाशी अडतो. ब्लॉकमध्ये किती वाघ मारायचे हे ठरले होते. ब्लॉकमध्ये किती वाघ आहेत हे कोणी मोजले नव्हते. देशभराची पहिली वाघगणना १९७२ साली झाली आणि आकडा निघाला १,८२७. तोपर्यंत बँकेत शिल्लक किती हे न पाहता चेक फाडणे चालू होते. १९६९च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची आमसभा दिल्लीत भरली, वाघाची अवस्था जगापुढे आली आणि १९७० साली वाघाची शिकार बंद झाली. त्या वेळी धंदेवाल्यांची मुख्य तक्रार होती की देशाचे परकीय चलन बुडेल. चलन खरेच येत होते. ते गोंड-कोरकूंच्या पाड्यांपर्यंत पोचत नव्हते, म्हणून पाड्यांना वाघ जगवण्यात काही मिळकत दिसत नव्हती.

हाच मुद्दा उलटा करून दुसरा आक्षेप येतो: पैसा गावापर्यंत पोचवला तर शिकार संवर्धनाचे काम करू शकते. याची उदाहरणे आहेत. झिंबाब्वेत १९८०च्या दशकाअखेर सुरू झालेली 'कॅम्पफायर' योजना आणि नामिबियात १९९०च्या दशकात कायद्याने उभी राहिलेली गावसंवर्धन क्षेत्रे शिकारीच्या उत्पन्नातून चालली. पाकिस्तानात गिलगिट-बाल्टिस्तानमध्ये मारखोर या रानबोकडाच्या मोजक्या परवान्यांचा लिलाव होतो. एका परवान्याला एक लाख डॉलरहून अधिक किंमत आली आहे आणि रकमेचा ८० टक्के भाग स्थानिक समाजाला जातो. मारखोर तिथे वाढला, हे नाकारून चालणार नाही. केनियाने १९७७ साली शिकार पूर्ण बंद केली आणि तिथे प्राणी आपोआप वाढले असेही झालेले नाही. या दाखल्यांनी माझा युक्तिवाद मोडत नाही, घट्ट होतो. तिथे फरक पडला तो शिकारीमुळे नव्हे, पैशाची वाट बदलल्यामुळे. मारखोरच्या डोंगरात राहणारा माणूस आता आधी विचारतो, बोकड किती उरले. नागपूरच्या ब्लॉकांत राहणाऱ्याला तो प्रश्न विचारण्याचे कारणच दिलेले नव्हते.

आज २००४पासून चालू असलेल्या उदारीकृत परतावा योजनेखाली भारतीय माणूस वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवू शकतो. तेव्हा ठाणे-पुण्यातल्या कुणी नामिबियात किंवा दक्षिण आफ्रिकेत पहिल्यांदा मार्गदर्शकासह शिकारीला जायचे ठरवले तर त्याच्यापुढे जुनाच प्रश्न नव्या कागदावर येतो. एक रीत: दर दिवसाचा दर वेगळा आणि पडलेल्या प्रत्येक जनावराचा दर वेगळा. दुसरी: सगळे मिळून एक आकडा, ठराविक दिवस, ठराविक प्राणी. नवख्याला दुसरी सोपी वाटते, कारण शेवटी बिलाचा धक्का बसत नाही. पण तिथे आगाऊ दिलेल्या पैशाचा मोबदला वसूल करण्याची घाई त्याच्या मनात पहिल्या दिवसापासून शिरते. दिवस आणि जनावर वेगळे ठेवले की रिकामे परतणे परवडते आणि चुकीच्या जनावरावरचा बार टाळणे स्वतःच्या खिशालाही बरे पडते. तिकडच्या करारांत सर्रास असणारे एक कलम मला फार न्याय्य वाटते: जनावर जखमी होऊन निसटले तरी पूर्ण दर द्यावा लागतो. दगडावर रक्ताचा एक थेंब दिसला की मार्गदर्शक खाली वाकून त्यावर बोट ठेवतो आणि हिशेब सुरू होतो. आपल्याकडच्या ब्लॉकांत जखमी वाघाचा भार जसा गावावर पडे, तसा इथे तो नेम धरणाऱ्यावर पडतो. कोणाला वाटेल, नीती माणसाची असते, बिलाची नसते. खरे आहे, पण थकलेल्या, बाराव्या दिवशी संध्याकाळी उजेड कमी होत असताना मचाणावर बसलेल्या माणसाची नीती कोणत्या बाजूला झुकेल, यात बिलाचा हात असतो.

भारतात हा प्रश्न कायद्याने मिटवला, पण तोही एका दमात नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही मोठ्या, लहान आणि विशेष शिकारीचे परवाने होते. ते १९९१च्या दुरुस्तीने गेले. मूळ कायद्याने शिकारीची व्याख्या मात्र पहिल्यापासून रुंद केली: मारणे, फास लावणे, त्यासाठी हाका घालणे आणि मारण्या-पकडण्याचा नुसता प्रयत्न, सगळे शिकारच. म्हणजे जे काम रोजंदारीवर गावकऱ्याकडून करून घेतले जाई, ते गोळीइतकेच गुन्ह्यात आले. गावशिकारीचा वाटाही त्याच व्याख्येत बसतो, आणि बारवीच्या वाड्यांत याबद्दलची नाराजी गैर म्हणता येणार नाही. मुंबईच्या क्लबातल्या भिंतींवरची शिंगे जुनी म्हणून राहिली आणि डुकराचा ढीग पानासकट गेला.

त्याच डोंगरांतल्या बिबट्याबद्दल सरकार आजही पैसे देते, फक्त उलट कारणाने. त्याने शेळी किंवा वासरू मारले तर मालकाला नुकसानभरपाई मिळते. त्यासाठी वन खात्याला वेळेत कळवावे लागते आणि वनरक्षक येऊन पंचनामा करीपर्यंत मेलेले जनावर जागेवरून हलवता येत नाही. वाघ-बिबट्याने मारून टाकलेल्या अशा जनावराला विदर्भातले जुने शिकारी गारा म्हणत आणि त्याच्या वर झाडावर मचाण बांधत. खरवईच्या वरच्या अंगाला आता त्या गाऱ्याशेजारी शेळीचा मालक अर्ज आणि आधारकार्ड घेऊन बसलेला असतो, आणि रात्री बिबट्या उरलेले खायला परत आला तर त्याला हाकलून लावायचे नसते.