कोरड्या दिवसाची कुळकथा

पावसाळा लागला की ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत महापालिकेचे आरोग्य कर्मचारी दारोदार फिरतात. पिंपात बॅटरीचा उजेड टाकून वळवळणाऱ्या अळ्या शोधतात आणि निघताना बजावतात, "ताई, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा." साठलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करण्याच्या या सूचनेचं कूळ थेट क्यूबातल्या हवाना शहरात सापडतं.

पीतज्वर डासांमुळे पसरतो, असं हवानाचे डॉ. कार्लोस फिनले १८८१ पासून सांगत होते. त्यांचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९०० मध्ये अमेरिकी लष्कराचे डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या पथकाने ते सिद्ध केलं आणि पुढच्याच वर्षी त्याच लष्कराचे डॉक्टर विल्यम गॉर्गस यांची माणसं घरोघर शिरली. पिंपं झाकली, साठलेलं पाणी ओतून दिलं, ओतता येईना तिथे तेल टाकलं, हयगय करणाऱ्यांना दंड केला. त्याच वर्षात हवानातला पीतज्वर हटला. हाताशी ना लस होती, ना औषध.

तोच एडिस इजिप्ती डास आपल्याकडे डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवतो. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याने चिकुनगुन्याची मोठी साथ आणली होती. रुग्णाला चावलेल्या मादीच्या अंगात डेंग्यूचा विषाणू साधारण ८ ते १२ दिवसांत वाढून लाळेत उतरतो. मग ती मरेपर्यंत रोग देत राहते. म्हणून डास उडायच्या आतच त्याला गाठावं लागतं.

आपल्या उकाड्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात. कोरडा दिवस आठवड्याने येतो तो त्यामुळेच. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या अंगाला अंडी चिकटवते. खसखशीसारखी बारीक, काळी. कोरडी पडली तरी ती कित्येक महिने तग धरतात आणि पाणी पुन्हा चढलं की त्यातून अळ्या निघतात. तेव्हा काथ्याने किंवा ब्रशने आतून खसखसून घासणं हाच या दिवसाचा खरा विधी. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचा टायर यांनाही तोच नियम.

तरीही कल्याण-डोंबिवली महापालिकेत आलेल्या २७ गावांत टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला भरलेलं पिंप ओतायला सांगणं क्रूरपणाचं आहे. तिने पाणी तळाला गेल्यावर, नवं भरण्याआधी पिंप घासावं आणि एरवी ते घट्ट झाकून किंवा कापड बांधून ठेवावं. मात्र ती पाणी साठवते ते नळ कोरडा असतो म्हणून. नियमित पाणीपुरवठा हा डेंग्यूवरचा इलाजच आहे. आपल्याला आठवड्यातून एकदा पिंप कोरडं करायला सांगणाऱ्या महापालिकेने रोज नळाला पाणी आणलं, तर हा दिवस पाळणं प्रत्येक घराला परवडेल.