विस्तारक्षम ई-टपाल

विस्तारक्षम ई-टपाल : महाजालावरील पत्रसेवेला वापरणाऱ्याने स्वतःची अथवा दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली जोडून तिच्याकडून नवे काम करवून घेण्याची पद्धती. पत्रांची आपोआप वर्गवारी करणे, कोष्टकातील नोंदींवरून पत्रे तयार करून पाठविणे, आलेल्या पत्रांतील आकडे वेगळे काढणे ही तिची सामान्य उदाहरणे होत.

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठविले. त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षे पत्रे येऊन पडत ती बहुधा वापरणाऱ्याच्या किंवा त्याच्या संस्थेच्या संगणकावर. तेथे आज्ञावली चालविण्यास फारशी आडकाठी नसे. १९९० मधील ‘प्रॉकमेल’ ही पत्रे चाळून लावणारी आज्ञावली याच मोकळीकीतून आली. ४ जुलै १९९६ रोजी ‘हॉटमेल’ सुरू झाली आणि चित्र पालटले. तिचे एक संस्थापक सबीर भाटिया यांचे काही शालेय शिक्षण पुण्यात झाले होते. जगात कोठूनही पत्र वाचता येऊ लागले, ही सोय मोठीच. परंतु पत्रपेटी सेवाचालकाच्या सर्व्हरवर गेली आणि तिच्यावरील हुकमतही त्याच्याकडे गेली. विस्ताराचा पुढचा इतिहास हा ती हुकमत थोडीथोडी परत मिळविण्याचा आहे.

१ एप्रिल २००४ रोजी गूगलने ‘जीमेल’ सेवा आणली. तिचे पान जावास्क्रिप्टने वापरणाऱ्याच्याच संगणकावर रचले जाई, त्यामुळे त्यात बाहेरून हात घालणे शक्य झाले. २००५ मध्ये ॲरन बूडमन यांचे ‘ग्रीसमंकी’ हे जोडसाधन उपलब्ध झाले व फायरफॉक्स ब्राउझरमध्ये हौशी लोक जीमेलला नवी बटणे लावू लागले. पानाची अंतर्गत रचना बदलली की ही बटणे बंद पडत. २००७ मध्ये नवी रचना आणताना गूगलने अशा आज्ञावल्यांसाठी एक प्रायोगिक जोडमार्ग खुला केला. हौशी खटपटीला मिळालेली ती पहिली मान्यता म्हणावी लागेल. पुढे जीमेल लॅब्ज (२००८), ॲप्स स्क्रिप्ट (२००९), स्वतंत्र आज्ञावलींसाठी जीमेलचा जोडसंच (२०१४) आणि ॲड-ऑन (२०१७) असे अधिकृत मार्ग निघाले. धाडलेले पत्र काही क्षणांत मागे घेण्याची सोय २००९ मध्ये लॅब्जमधील प्रयोग म्हणून आली होती. ती २०१५ मध्ये सर्वांना मिळाली.

मराठी वापरणाऱ्यांपुढे अडचण वेगळी होती. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी प्रत्येक टंकसंचाची संकेतरचना निराळी असे व एकाने मराठीत लिहिलेले पत्र दुसऱ्याच्या पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांत उमटे. ‘पद्म’ हे फायरफॉक्सचे जोडसाधन असा मजकूर पडद्यावरच युनिकोडमध्ये बदलून दाखवी. सेवाचालकांनी न केलेले काम वापरणाऱ्यांनी केले, याचे हे भारतीय उदाहरण उल्लेखनीय आहे.

या पद्धतीचा व्यवहारातील अर्थ पुण्याच्या गुलटेकडी येथील मार्केट यार्डाच्या संदर्भात चांगला कळतो. राज्य कृषी पणन मंडळाचे (स्थापना १९८४) मुख्य कार्यालय याच आवारात आहे. येथे शेतकऱ्याचा माल अडत्याच्या गाळ्यावर विकला जातो आणि वजन, भाव व वजाती दाखविणारी हिशेबपट्टी शेतकऱ्यास द्यावी लागते. अनेकदा माल ट्रकने येतो व शेतकरी गावीच असतो. मालाचे काय झाले हे त्याला पट्टीवरूनच कळते. पट्टीच्या नोंदी संगणकी कोष्टकात असतील, तर ॲप्स स्क्रिप्टमधील वीस-पंचवीस ओळींची आज्ञावली ठरलेल्या वेळी एकेक ओळ वाचून ज्याची पट्टी त्याला मराठीत धाडू शकते. २०१६ मध्ये फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा नियम झाला. असा बदल तयार सेवेत केव्हा होईल हे तिच्या चालकावर अवलंबून. स्वतःच्या आज्ञावलीत मात्र वजातीचा एक रकाना काढला की भागते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये इलेक्ट्रॉनिक नोंदीस कायदेशीर मान्यता असल्याने वाद उद्भवल्यास अशी पट्टी पुराव्यास उपयोगी पडू शकते.

मर्यादाही आहेत. विनामूल्य खात्यावरून ॲप्स स्क्रिप्टद्वारे दिवसाला १०० जणांनाच पत्रे धाडता येतात. हंगामात मोठ्या गाळ्यास ही संख्या अपुरी पडेल. त्याहून गंभीर प्रश्न गोपनीयतेचा आहे. पत्रे वाचण्याची परवानगी मिळालेली परकी आज्ञावली गाळ्याचा सर्व भाव-व्यवहार पाहू शकते. गूगलने २०१८ मध्ये अशा परवानग्या आवळण्याचे जाहीर केले आणि २०१९ पासून, पत्रांतील मजकूर स्वतःच्या सर्व्हरवर नेणाऱ्या आज्ञावलींना त्रयस्थ सुरक्षा-तपासणी बंधनकारक केली. हे योग्यच होते. मात्र तपासणीचा खर्च लहान आज्ञावलीकारांना जड गेला. स्वतःच्याच खात्यापुरत्या लिहिलेल्या आज्ञावलीस ही तपासणी लागत नाही. ती ज्याच्या खात्याखाली वेळापत्रकाला जोडलेली असते त्याच्याच अधिकाराने चालते. म्हणून गाळ्यावरील मुनीम नोकरी सोडून गेला व त्याचे खाते बंद झाले की पट्ट्या जाण्याचे थांबते.