प्रवेशाधिकार-सूची (जावामेल)

मुक्तस्रोत जावामेल संग्रहातील आयमॅप-फोल्डर वर्गास (आयमॅप म्हणजे सर्व्हरवरील टपाल हाताळण्याची नियमावली) टपालकप्प्यावर कोणाचा किती अखत्यार हे वाचण्याची, बदलण्याची व रद्द करण्याची सोय देणारी व्यवस्था. तिचा आधार आरएफसी २०८६ (१९९७) हा इंटरनेट-मानकाचा दस्तऐवज; पुढे आरएफसी ४३१४ (२००५) ने संदेशास पुसण्याची खूण करणे, तो कायमचा काढणे आणि कप्पाच मोडणे हे अधिकार विलग केले, ही सुधारणा अत्यंत हितावह होय. उदाहरण घ्यायचे तर, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे लातूरला उपकेंद्र आहे. अशा उपकेंद्रातील कारकुनास सामाईक कप्प्याची ‘एल’ (दिसणे) व ‘आर’ (वाचणे) ही दोनच अधिकार-अक्षरे दिली, तर पत्र त्याच्या नजरेखालून जाईल, परंतु ‘एस’ अक्षराअभावी वाचल्याची खूणही कायम राहणार नाही. मात्र संग्रह केवळ हुकूम पोहोचवितो. अंमलबजावणी सर्व्हरकडेच असते.